तिच्या खिळ्यावरची किल्ली

माझ्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात, दारामागे, एक फळी आहे. फळीवर त्रेचाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या ना कुणाच्या घराची किल्ली. माझ्याही दारामागे फळी आहे. चांगली पॉलिश केलेली, पितळी हुकांची, प्रत्येक हुकाखाली चिठ्ठी चिकटवायला जागा सोडलेली. तिच्यावर माझी छत्री टांगलेली असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला पकडल्याचा आनंद घ्यायला नको. मी त्या बाईवर जळते. ही काही आजची गोष्ट नाही, चांगली बावीस वर्षं झाली. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतं. मी निवळले नाही. उलट निवृत्त झाल्यापासून जळायला दिवसभर मोकळी आहे.

आमचं गाव म्हणजे समुद्रात शिरलेला जमिनीचा एक चिंचोळा पट्टा. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूने एकच रस्ता आत येतो आणि तोच बाहेर जातो. पाच गल्ल्या, एक शाळा, एक दवाखाना, चार दुकानं, बाकी सगळी घरंच घरं. कारखाना नाही, बाजारपेठ नाही. लोक इथे फक्त राहतात. आणि खरं सांगायचं तर राहतही नाहीत. निम्म्या घरांचे मालक जहाजांवर नाहीतर मोठ्या शहरांत नोकरीला, वर्षातून दोन-तीनदा उगवणारे. तोवर घर बंद. या उबदार, खारट हवेत बंद घराचं काय होतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. ड्रॉवर फुगून बसतात. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. कुलपं आतून गंजतात, आणि मालक बॅगा घेऊन दारात उभा राहिला की किल्ली फिरायचं नाव घेत नाही.

म्हणून या गावाला किल्लीमावशी लागते.

सगळं गाव तिला मावशी म्हणतं. मी म्हणत नाही, ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. मला गाव काय म्हणतं तेही सांगते: मिनिटबाई. शाळेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, आणि सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद म्हणजे बंद. एकदा अकराव्या मिनिटाला मुख्याध्यापक आले, तर त्यांनाही मी मागच्या दाराने जायला लावलं. माझ्या येण्याजाण्यावर लोक घड्याळं लावायचे. एवढा सगळ्यांचा विश्वास. पण घराची किल्ली म्हटली की पावलं समोरच्या दाराकडे.

ती या गावात आली तेव्हा शिवणकाम करायची. नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. एका खेपेला गेला तो परत आलाच नाही. कुठल्याशा बंदरात दुसरा संसार थाटून बसला म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की ती स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हेही मला खुपतं. माझ्यावर अशी पाळी आली असती तर मी पाचही गल्ल्यांना पुरून उरेल इतकं बोलले असते. ती मात्र दारात मशीन मांडून लोकांचे पडदे शिवत बसली.

पहिली किल्ली दातांच्या डॉक्टरांची. ती पडदे लावायला गेली तेव्हा नवरा-बायको सामान घेऊन दारातच उभे, गाडीची वेळ झालेली. "तुम्ही पडदे लावा आणि किल्ली ठेवा तुमच्याकडेच," असं म्हणून ते निघून गेले. चार महिन्यांनी परतले तर घरात कुबट वास नाही, कुलूप एका बोटाने उघडलं, नळाला तांबडं पाणी नाही. ही बाई दर आठवड्याला जाऊन खिडक्या उघडत होती. का, तर नव्या पडद्यांना वास लागू नये! डॉक्टरीणबाईंनी ते गावभर सांगितलं. मग शेजाऱ्यांनी किल्ली दिली, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी.

तिची कामाची पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण बावीस वर्षं मी ती पाहत-ऐकत आले आहे. 'घराला वारा देऊन येते' असं म्हणते ती. चपला बाहेर काढायच्या. सगळ्या खिडक्या उघडायच्या. सगळे नळ पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचे. तोवर उभं राहायचं. मग खिडक्या लावायच्या, पण एक बोटभर फट ठेवून. निघताना कुलपात तेलाचे दोन थेंब. किल्ल्यांवर नावं नाहीत, नंबर नाहीत. प्रत्येक किल्लीला त्या त्या घराच्या पडद्याचा तुकडा बांधलेला. पडदे तिनेच शिवलेले, त्यामुळे तिला पाहताक्षणी कळतं. "चोर आला तर काय करणार?" ती हसत म्हणते. "गावभर पडदे बघत हिंडणार?"

आणि एक नियम. ती कुणाच्या घरात बसत नाही. अर्धा तास असो, तास असो, उभीच. मी एकदा विचारलंही होतं, खुर्च्या काय चावतात का?

"बसलं की घर आपलं वाटायला लागतं बाई," ती म्हणाली. "मग हात शिवशिवतात."

मला हे ढोंग वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

मलाही एकदा किल्ली मिळाली होती, नाही असं नाही. तिसऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कप्तानांनी दिली, फक्त दोन दिवसांसाठी, कारण ही बाई तापाने झोपली होती. मी गेले. औषधांच्या कपाटात तारीख उलटून गेलेल्या अकरा बाटल्या होत्या, त्या फेकल्या. पुस्तकं कशीही खोचलेली होती, ती उंचीप्रमाणे लावली. पलंग खिडकीखालून काढून भिंतीला लावला, कारण खिडकीखाली झोपून सर्दी होते हे कुणीही सांगेल. कप्तान आले, त्यांनी घर पाहिलं, माझे अगदी मनापासून आभार मानले आणि त्याच संध्याकाळी कुलूप बदललं. त्यानंतर माझ्या फळीवर छत्रीशिवाय काही लागलं नाही. माझं त्यात चुकलं काय ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. गावाचं काय, गाव आंधळं असतं. पण मग माझ्या लेकीची गोष्ट झाली.

मला एकच मुलगी. हे गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. शाळा साडेबाराला सुटायची, माझं ऑफिस चारला. मधले साडेतीन तास ती समोर बसायची, किल्लीवालीच्या मशीनपाशी. दुसरा इलाज नव्हता, म्हणून. चारला मी यायचे तेव्हा तिच्या खिशात चिंध्या कोंबलेल्या असायच्या: फुलं कापलेली, मासे कापलेले. घरी मी तिला कागद-कात्री दिली तर मुकाट्याने बाजूला ठेवायची. "आमच्याकडची कात्री का चालत नाही गं?" विचारलं की उठून बाहेर पळायची. एकदा मी चिडून समोरून ती कात्री मागून आणली, बघू तरी काय सोनं लागलंय. कापड घातलं तर कापेचना. दोन पात्यांमध्ये नुसतं दुमडून बसलं. परत देताना मी चारजणींदेखत सुनावलं, "धार लावून घ्या. ही कात्री नव्हे, चिमटा आहे!" ती नुसती हसली आणि कात्री फडताळात ठेवली.

लेकीला वळण मात्र मी लावलं, हे मी ठणकावून सांगते. जेवताना बडबड नाही, चपला जोडीने ठेवायच्या, पेन्सिल डाव्या हातात धरायची नाही, उठल्या उठल्या पांघरूण घडी करायचं. पोरगी गुणी. सहा महिन्यांत सगळं अंगवळणी पडलं, अक्षर तर मोत्याचे दाणे. जराशी वेंधळी राहिली एवढंच. माझ्यासमोर चहा गाळला की थोडा बशीत सांडणारच.

तिचं लग्न झालं, दोघंही शहरात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी लेकीने आणि जावयांनी आमच्याच गावात, शेवटच्या गल्लीत, समुद्राकडे तोंड असलेलं छोटं घर घेतलं. सुट्ट्यांना येतात. मला केवढा आनंद झाला! मी माझ्या फळीवरच्या पहिल्या हुकाखाली नवी चिठ्ठी चिकटवली, 'लेक' म्हणून लिहून. पडदे तिने निवडले ते मला आवडले नव्हते, निळ्यावर पांढऱ्या कागदी होड्या. "बालवाडीला शोभतील," असं मी बोललेही.

त्यानंतर महिन्याभराने मी विरजण मागायला समोर गेले. दारामागची फळी उघडी होती. अगदी खालच्या ओळीत, शेवटच्या खिळ्यावर, निळा तुकडा लटकत होता. त्याच्यावर पांढरी होडी.

विरजण न घेताच मी परत आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. लगेच लेकीला फोन लावला.

"किल्ली समोर ठेवलीस?"

"कुणी सांगितलं?"

"होडी बघितली मी."

मग म्हणाली, "आई, तुझ्याकडे ठेवली तर तू आत जाशील."

"आईने लेकीच्या घरात जायचं नाही?"

"जायचं ना. मी असताना."

"म्हणजे मी चोर?"

"चोर नुसत्या वस्तू नेतो गं आई," ती म्हणाली. "तू सुधारून ठेवतेस."

मी फोन आपटला. 'लेक' लिहिलेली चिठ्ठी मात्र काढली नाही. कागद चिकटून बसला होता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बाकीची बेचाळीस घरं तिने ठेवावीत, मला फक्त हे एक हवं होतं.

दोन वर्षं अशी गेली. गेल्या महिन्यात एका सकाळी किल्लीवाली माझ्या दारात. तिला मोतीबिंदू झालेत दोन्ही डोळ्यांत, हे मला माहीत होतं. हल्ली पडद्यांचे तुकडे डोळ्यांशी नेऊन बघायची.

"बाई, एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. दहा दिवस भावाकडे चाललेय. घरांना वारा द्याल का तेवढा?"

तोंडावरची माशीही मी हलू दिली नाही. "मीच का?"

"वेळेच्या पक्क्या आहात. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही."

"बघते. वेळ झाला तर." माझ्या फळीवर काय असतं हे तिला ठाऊक आहे, तरी तिने तिकडे पाहिलंही नाही. मग न राहवून मी विचारलंच, "लेकीचंही घर?"

"हो तर. मी सगळ्यांना फोन करून सांगितलंय, बाई येणार म्हणून. तुमची लेक म्हणाली, मावशी, तुमच्या भरवशावर." हे सांगून तिने काखेत धरून आणलेली फळीच माझ्या हातात दिली. "आणि बाई, बसायचं नाही हं."

ते दिवस मी कसे मिरवले, काय सांगू! किल्ल्यांचा जुडगा वाजवत मी मुद्दाम दुकानांवरून जायचे. रोज सहा-सात घरं. खिडक्या उघड, नळ सोड, उभी राहा, बोटभर फट, तेलाचे दोन थेंब. कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. डॉक्टरांच्या बैठकीत तसबीर वाकडी होती, तर मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मलाच माझं कौतुक वाटलं.

लेकीचं घर मी गुरुवारसाठी ठेवलं होतं. होडीची किल्ली कुलपात घातली. खिडक्या उघडल्या. नळ सोडला. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. काही म्हणजे काही जागेवर नव्हतं. शेगडीसमोर उभं राहून चमच्यासाठी हात पुढे केला, तर रिकामी जागा. साखरेच्या डब्यासाठी केला, रिकामी जागा. कढयांचे दांडे भलतीकडे तोंड करून, सुरी भलत्याच भिंतीला, काडेपेटी अशा ठिकाणी की पेटवेपर्यंत माणसाने दोनदा वळावं. ही पोरगी इथे काम तरी कशी करते? म्हणूनच सांडते सगळं!

पाय दुखत होते. मी खुर्चीवर बसले. पाचच मिनिटं.

आधी फक्त साखरेचा डबा हलवला. मग चहाचा, कारण साखर इथे आणि चहा तिथे हे काही बरोबर दिसेना. मग चमच्यांचं स्टँड, कढया, सुरी, काडेपेटी, खालच्या फळीवरच्या सगळ्या बरण्या-बुधल्या. चाळीस मिनिटं लागली. शेवटी शेगडीसमोर उभी राहिले, हात पुढे केला, चमचा हातात. साखर हातात. याला म्हणतात स्वयंपाकघर! कुलपात तेलाचे दोन थेंब सोडून मी ताठ मानेने घरी आले.

पुढच्या बुधवारी लेकीचा फोन आला.

"आई, सगळी घरं बघतेस म्हणे. मावशी सांगत होत्या, कप्तानांची शेजारीण म्हणाली, मिनिटबाई उभ्याच असतात, कशाला हात लावत नाहीत." तिचा आवाज मऊ झाला होता. लहानपणी आजारी पडली की असा व्हायचा. "मला खरंच वाटलं नव्हतं गं. मी उगाच दोन वर्षं तुला दुखावलं. शनिवारी येतेय. या वेळी किल्ली तुझ्याकडेच ठेवून जाते. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी धावतच तिच्या घरी गेले, सगळं होतं तसं करायला. चमच्यांचं स्टँड उचललं आणि तशीच उभी राहिले. हे होतं कुठे? शेगडीच्या पलीकडे की खिडकीपाशी? साखर वर होती की मधल्या फळीवर? दांडे कुठे वळलेले होते? शाळेतल्या जुन्या पोरांचे हजेरी नंबर मी आजही झोपेत सांगेन. पण आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या लेकीचं स्वयंपाकघर कसं होतं, ते काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? मी ते बघितलंच नव्हतं. कसं असायला हवं तेवढंच बघितलं होतं.

त्या संध्याकाळी किल्लीवाली परत आली. माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत बारा पावलं आहेत. मी ती बारा पावलं चालले. ती काळा चष्मा लावून बसली होती, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती.

"लेकीच्या घरी," मी सुरुवात केली आणि पुढचं येईना.

"बसलात ना?" ती म्हणाली.

"हो."

मग सगळं सांगितलं. जे सांगायची काही गरज नव्हती तेही सांगितलं, की शनिवारी लेक मला किल्ली देणार आहे, तुमच्या खिळ्यावरून काढून. म्हणजे मी हिच्याकडेच मदत मागत होते, हिचीच किल्ली मला मिळावी म्हणून. हिच्या जागी मी असते तर? मी म्हणाले असते, बरी अद्दल घडली. तिने मान मागे टाकून एक थेंब डोळ्यात सोडला, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "सकाळी लवकर जाऊ. ऊन चढलं की मला सोसत नाही."

शुक्रवारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उभीच. "मला सगळं धूसर दिसतंय. मी सांगते, तुम्ही लावा." आणि न बघता सांगायला लागली. "चमचे शेगडीच्या डावीकडे. साखर मधल्या फळीवर, डाव्या टोकाला. चहा तिच्या शेजारी. सुरी डाव्या भिंतीला. कढयांचे दांडे डावीकडे."

मी लावत होते आणि आतल्या आत धुमसत होते. माझ्या लेकीचं घर, आणि या बाईला डोळे मिटून पाठ! काडेपेटीसुद्धा डावीकडे म्हटल्यावर मी फुटलेच.

"काय सारखं डावीकडे, डावीकडे! माणसाचं घर आहे की आरशातलं?"

"डावरी आहे ना ती," किल्लीवाली म्हणाली.

"होती. लहानपणी. मी सोडवलं ते."

"लिहिण्यापुरतं सुटलं असेल." ती अगदी सहज बोलत होती. "कात्री तर तिने कधीच उजव्या हातात धरली नाही. म्हणून मुद्दाम डाव्या हाताची आणली होती तिच्यासाठी. तुम्ही एकदा नेली होतीत बघा. तिला चिमटा म्हणालात."

हातातली काडेपेटी घेऊन मी उभीच राहिले. आधी लाज वाटली, खरंच वाटली. पण ती लाज फार टिकली नाही. लगेच तिच्यामागून हेवा आला, आजवर कधी आला नव्हता इतका. त्रेचाळीस किल्ल्यांचं सोडा. माझ्या पोरीचा खरा हात कुठला, हे या बाईला ठाऊक होतं आणि मला नाही.

"सांगितलं का नाहीत मला?"

"तिने नको म्हटलं होतं."

काडेपेटी मी डावीकडे ठेवली.

शनिवारी पाचला लेकीने मला चहाला बोलावलं. जावई दुसऱ्या दिवशी येणार होते, आम्ही दोघीच. तिने घरभर एक चक्कर मारली, स्वयंपाकघरात उभी राहून सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्या गळ्यात हात टाकला. "सगळं जिथल्या तिथे आहे. आई, ही घे." होडीचा तुकडा बांधलेली किल्ली तिने माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. किती हलकी असते हो किल्ली.

मग ती चहा करायला वळली. मी खुर्चीवर बसून बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दिसलं. डावीकडच्या फळीवरची साखर तिने उजवा हात अंगावरून आडवा नेऊन काढली. चमचा तसाच. काडेपेटी तशीच. माझ्यासमोर, स्वतःच्या घरात, तिशी उलटलेली बाई उजव्या हाताने धडपडत होती. गाळताना पातेलं हललं आणि चहा बशीत सांडला. तिने चटकन माझ्याकडे पाहिलं. ओरडा बसायच्या आधी पोरं बघतात तसं.

किल्ली माझ्या मुठीत होती. गप्प बसले असते तर घरी जाऊन पहिल्या हुकावर टांगली असती.

"डाव्या हाताने ओत," मी म्हणाले.

ती थांबली. पातेल्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझीच लेक ती, मला डावा हात कळला कसा याचा हिशेब लावायला मिनिटही लागलं नाही.

"तू हलवलं होतंस सगळं."

"हो."

"मग परत लावलं कुणी?"

"तिने सांगितलं. मी लावलं."

तिने पातेलं डाव्या हातात घेतलं आणि दुसरा कप भरला. एक थेंब सांडला नाही. मनगट असं सैल, मोकळं वळलं की तो हात मी कधी पाहिलाच नव्हता असं वाटलं. पाहिला नव्हताच. पोरगी वेंधळी नव्हती. मी उगाच पंचवीस वर्षं बशी पुसत बसले होते.

मी मूठ उघडली आणि किल्ली टेबलावर तिच्याकडे सरकवली. वाटलं होतं, राहू दे आई म्हणेल. नाही म्हणाली. किल्ली उचलून खिशात ठेवली आणि भरलेला कप माझ्यापुढे केला, डाव्या हाताने.

सोमवारी निघताना ती मला घेऊनच समोर गेली. होडीची किल्ली स्वतःच्या हाताने शेवटच्या खिळ्यावर अडकवली आणि मला म्हणाली, "मावशींना अजून महिनाभर वाकायचं नाही, धूळ चालायची नाही. गुरुवारी तू जात जा त्यांच्याबरोबर. त्या सांगतील तेवढंच कर."

म्हणजे किल्ली मिळाली नाही ती नाहीच, वर या वयात किल्लीवालीची शागिर्दी पदरात पडली. गावात हसायला नवा विषय झाला. मिनिटबाई पुढे आणि मावशी मागे, असं मी चालून बघितलं, पण किल्ल्या तिच्याकडे, त्यामुळे प्रत्येक दारात थांबावं लागतं.

काल गुरुवार होता. लेकीच्या घरी नळ सोडले होते, आम्ही दोघी उभ्या होतो. पाणी स्वच्छ व्हायला वेळ लागतो. बावीस वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते मी विचारलं.

"दुपारी तुमच्याकडे बसायची ती, तेव्हा काय बोलायची हो? माझ्याबद्दल वगैरे?"

"काही नाही," ती म्हणाली. "नुसती कापत बसायची. चारला पाच मिनिटं राहिली की कात्री फडताळात ठेवायची आणि दप्तर उजव्या हातात घेऊन दारात उभी राहायची. तुमची यायची वेळ व्हायची ना."